बर्फाच्या पेटीतली वडिवळ्याची बाटली

"अगं ए हौसे! वर ये गं! तुजं मूत न्यायला पुन्याचा मानूस आलाय!"

ही आरोळी ठकूमावशींनी भातखाचराच्या बांधावर उभं राहून मारली. मावशींचा आवाज असा, की तो ऐकून समोरच्या डोंगरावरची ढगांची एक रांग चार हात मागे सरकली. यात मी पदरचं काहीही घातलेलं नाही. खाचरात कमरेत वाकून लावणी करणाऱ्या वीस-पंचवीस बायका एकदम ताठ झाल्या, डोक्यावरची इरली मागे सारून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात लाकडी पेटी आणि पायांत चिखलाचे बूट, अशा अवतारात मी उभा होतो. चिखलाचे म्हणजे चिखल लागलेले नव्हेत. आतला बूट मागेच कुठेतरी सुटला होता, पायाला उरला होता तो नुसता चिखल.

"एवढ्या लांबून?" खाचरातून एकीने विचारलं.

"व्हय! पुन्यात सोताचं सरलं आसंल!" दुसरी म्हणाली, आणि साऱ्या खाचरभर हसू पसरलं.

मी सदाशिव पेठेत वाढलेला माणूस. आमच्याकडे हा पदार्थ कोणालाच होत नाही. आमच्या प्रयोगशाळेत तपासणीची बाटली घेऊन येणारा गृहस्थ ती आधी वर्तमानपत्रात, मग रुमालात, मग पिशवीत गुंडाळून आणतो, आणि देवळातली मूर्ती पळवून आणल्यासारखा इकडेतिकडे बघत टेबलाखालून माझ्या हातात सरकवतो. "हे… ते…" एवढंच म्हणतो. आणि इथे बाईने नाव, गाव आणि वस्तू तिन्ही जाहीर करून टाकली होती.

मी तिथे कसा पोचलो ते आता रीतसर सांगतो.

कामशेत

आदल्या दिवशी दुपारी मी पॅसेंजरने कामशेतला उतरलो. पेटीत बर्फाची लादी होती. पुण्यात निघताना ती माझ्या छातीएवढी होती, कामशेतला पोचेपर्यंत उशीएवढी झाली. स्टेशनाबाहेर भाताच्या गिरण्या, पोत्यांच्या थप्प्या आणि हवेत आंबेमोहराचा असा वास, की नुसता श्वास घेतला तरी जेवल्यासारखं वाटावं. मी दोन श्वास घेतले आणि तरीही डॉक्टर लेल्यांकडे तीनदा भात वाढून घेतला. वर खेकड्याचं कालवण होतं. त्यातल्या एका खेकड्याची नांगी माझ्या मनगटाएवढी होती. डॉक्टर म्हणतात बोटाएवढी होती. डॉक्टरांना चष्मा आहे.

हे डॉक्टर लेले बावीस वर्षं कामशेतला दवाखाना चालवताहेत. आसपासच्या तीस गावांत त्यांनी एकच गोष्ट डोक्यात घातली आहे : पाणी उकळून प्या. जेवण झाल्यावर त्यांनी माझी बर्फाची लादी गिरणीतून आणलेल्या भाताच्या तुसात पुरली. तुसात बर्फ टिकतो, हे मला प्रयोगशाळेत बारा वर्षं काढून ठाऊक नव्हतं. मग त्यांनी मला बसवून सारी हकिगत सांगितली.

वडिवळ्याची हौसा ही ठकूबाईंची सून. पाच महिन्यांपूर्वी पहिलं बाळंतपण अडलं म्हणून तिला एका मोठ्या शहरातल्या दवाखान्यात नेलं. मूल सुखरूप झालं, पण लघवी अडली, म्हणून चार दिवस रबरी नळी घातली होती. घरी आली ती जळजळ घेऊन. मग थंडी वाजून ताप. सल्फाच्या गोळ्या दिल्या, ताप उतरला, आठ दिवसांनी परत चढला. दुसऱ्या कॅप्सूल दिल्या, तोच प्रकार. आता कंबरेत कळा येत होत्या.

"पूर्वी हे सोपं होतं हो," डॉक्टर म्हणाले. "लघवीला जळजळ म्हटलं की आतड्यातला तो नेहमीचा जंतू. सल्फा दिला की मुकाट्याने जायचा. आता साध्या जंतूंना आपण मारलं, आणि त्यांच्या मोकळ्या जागेवर भलतेच येऊन बसलेत. दवाखान्यांच्या नळांत, बेसिनांत, रबरी नळ्यांत राहणारे. त्यांना सल्फा म्हणजे खडीसाखर."

त्यांनी हौसाची बाटली दोनदा आमच्या प्रयोगशाळेत पाठवली होती. नवरा बबन रेल्वेच्या गँगमध्ये, त्याने ती गार्डाच्या हाती दिली. दोन्ही वेळा सूक्ष्मदर्शकाखाली पुवाच्या पेशींचा ढीग दिसला, आणि जंतू वाढवायच्या काचेच्या ताटलीवर लावलं तर काही म्हणजे काही उगवलं नाही. आमच्या प्रयोगशाळेच्या डॉक्टरीणबाई, ज्यांना आम्ही नुसतं बाई म्हणतो, त्यांनी चष्मा पुसला आणि लिहून पाठवलं : पू आहे पण जंतू उगवत नाही, तेव्हा मूत्रपिंडाच्या क्षयाचा विचार करावा.

हा शब्द आला की माझ्यासारख्याचीही जीभ जागेवर बसते. क्षय म्हणजे दीड-दोन वर्षं औषध, रोज सुई, सुरुवातीचे कित्येक महिने घरापासून लांब. पाच महिन्यांचं तान्हं आजीच्या मांडीवर. आणि क्षय नसलाच, तर तेवढ्या काळात खरा जंतू मूत्रपिंडं खाऊन मोकळा.

"मला क्षय पटत नाही," डॉक्टर म्हणाले. "पण दोन्ही कागद तेच सांगतात. आता बर्फात घालून, माणसाच्या हातून तिसरी बाटली जाऊ दे. तीही कोरी निघाली, तर मला तिला क्षयाच्या दवाखान्यात पाठवावं लागेल."

बाईंनी या कामाला मलाच का निवडलं? माझ्या कौशल्यामुळे, असं मी घरी सांगितलं आहे. प्रयोगशाळेतली मंडळी म्हणतात, दोन दिवस जरा शांतता मिळावी म्हणून.

"उद्या सकाळी निघा," डॉक्टर म्हणाले. "भिऊ नका, वडिवळ्यात वाघ नाही."

"मग काय आहे?"

"ठकूबाई."

वडिवळे

अर्धी वाट बैलगाडीने, अर्धी पायी. मावळातला पाऊस वरून पडत नाही, बाजूने येतो. आणि छत्री बाजूला धरली की वरून येतो. एका ओढ्यात मी गुडघाभर पाण्यात उतरलो आणि पलीकडे निघालो तेव्हा कोटाच्या खिशात एक मासा होता. लहानच होता, म्हणून सोडून दिला.

आरोळीचा प्रसंग वर सांगितलाच. हौसा चिखलाचे पाय धूत वर आली. सव्वीस-सत्तावीस वर्षांची, डोळ्यांखाली काळं, ओठ सुकलेले.

"ताप असताना लावणीला?" मी विचारलं.

"उतरलाय सकाळधरनं," ती म्हणाली.

"उतारला की ऐकतीया कुटं!" मावशी म्हणाल्या. "आन पानी प्यायाचं तर नावच न्हाई. उजाडल्यापास्नं दुपारपातूर घोटभर न्हाई."

"का हो?"

हौसाने माझ्याकडे पाहिलं, मग खाचरांकडे. चहूकडे उघडं रान, हिरव्या रोपांखेरीज आडोसा नाही, आणि शेजारच्या खाचरात चिखलणी करणारे गडी. मी पुढे विचारलं नाही. एकूणएक बायका तशाच, सकाळपासून कोरड्या, पाण्यात उभ्या. पुण्यात आमच्या बायका आडोसे असूनही तेच करतात, फक्त त्याला शिस्त म्हणतात.

घरी गेल्यावर मावशींनी गुळाचा चहा दिला. पडवीत टोपलीत पोर झोपलं होतं. मी प्रयोगशाळेच्या थाटात हौसाला समजावलं : आधी पाण्याने स्वच्छ धुवायचं, पहिली धार सोडून द्यायची, मधली या बाटलीत धरायची, आत बोट लावायचं नाही. हे वाक्य मी पुण्यात दिवसातून दहा वेळा कुजबुजतो. इथे कुजबुजलो तर मावशी ओरडल्या, "मोट्यानं बोला की भाऊ, चोरी करताय का काय!"

हौसा परसात गेली, आली. बाटली मावशींच्या हातात दिली. मी चहाचा शेवटचा घोट घेत पेटीचं झाकण उघडलं, तुसातला बर्फ नीट केला, मान वर केली, तर मावशी बाटली घेऊन चुलीकडे निघालेल्या.

"मावशी, कुठं?"

"उकळाया."

मी उडी मारली. आयुष्यात एवढी लांब उडी मी मारलेली नाही. मध्ये एक कोंबडी होती, तिच्यावरून गेलो. एक पाटी होती, तिच्यात गेलो. पण बाटलीचं बूच उघडण्याआधी मावशींचा हात धरला.

"काय, उकळायचं काय?"

"आता गं बया! पुन्याला जायाचं म्हंजी उकळाया नगं? आमी गाडीनं दूध पाटवतो ते काय कच्चं पाटवतो व्हय? निम्म्या वाटंत नासंल की. डागदरच म्हनलं बबनला, नासायच्या आत पोचलं पायजे. दोनी बारीला चांगली उकळी आनून, निववून दिलीया मी."

मी बोटांवर मोजलं. दोन बाटल्या. दोन्ही कोऱ्या.

"कशात उकळलंत?" मी क्षीण आवाजात विचारलं, कारण माझी नजर चहाच्या पातेल्यावर गेली होती.

"गाडग्यात. मग ते फोडून टाकलं. तुमचा चा येगळ्यात क्येलाय, जीव घाबरा करू नगा."

जीव जागेवर आला, तेव्हा मी त्यांना सांगितलं : आम्ही त्या बाटलीतला जंतू जिवंत पकडतो, त्याला खाऊपिऊ घालून वाढवतो, आणि मग कोणत्या औषधाने तो मरतो ते बघतो. उकळलं की तो आधीच मेला.

"मग मेला तर बरंच की," मावशी म्हणाल्या. "मारायलाच तर औशिद देताय न्हवं?"

"बाटलीतला मेला मावशी. हौसाच्या पोटातला आहे तसाच आहे. आणि बाटलीत कुणीच सापडलं नाही, म्हणून पुण्याला वाटलं की हा क्षय असावा."

मावशींच्या हातातली बाटली मी काढून घेतली तेव्हा त्यांनी ती सोडलीही नाही आणि धरलीही नाही. टोपलीतलं पोर कुरकुरलं. इतका वेळ डोंगरापर्यंत जाणारा आवाज त्या पडवीच्या बाहेरही गेला नाही.

"म्हंजी माज्या उकळीपायी हिला धाडनार हुता?"

हौसाच बोलली. "आत्या, तुमी नासू नये म्हून क्येलं."

मी बाटली बर्फात बसवली. मावशींनी डोक्यावर चुंबळ ठेवली, पेटी उचलली, वर इरलं घेतलं आणि निघाल्या. मी म्हटलं, पेटी मी नेतो. त्यांनी उत्तर दिलं नाही. वडिवळे ते कामशेत ती बाई त्या चिखलातून, डोक्यावर बर्फाची पेटी घेऊन, अशी गेली की मागून मी छत्री मिटून पळत होतो. वाटेत कोणी विचारलं, "ठकूबाय, काय न्हेताय?" तर पाय न थांबवता सांगायच्या, "हौसाचं मूत! सरा बाजूला!" आणि माणसं सरत होती. बैलगाड्या सरत होत्या. एक म्हैस सरली.

लोणावळा

कामशेतला कळलं, पुण्याची पॅसेंजर दोन तास तरी येत नाही, घाटात दरड आली आहे. बर्फ आता पेरूएवढा उरला होता. डॉक्टर लेल्यांनी डोकं चालवलं : लोणावळ्याला दरडीच्या अलीकडे अडकलेली एक एक्स्प्रेस उभी आहे, ती तासाभरात पुण्याला परत सुटेल पण कामशेतला थांबणार नाही, आणि बर्फही लोणावळ्यातच मिळेल. म्हणजे पुण्याला लवकर जायचं तर आधी उलट दिशेला जायचं. मावळात सरळ वाटेने काहीच पोचत नाही, हे मी एव्हाना शिकलो होतो.

गिरणीतून तूस भरून निघालेल्या ट्रकवर मला आणि पेटीला चढवलं. लोणावळ्यात उतरलो तेव्हा माझ्या नाकाकानांतून तूस गळत होतं. एका हॉटेलातून बर्फ घेतला, तो कापडात बांधून कुटला आणि फलाटावर बसून बाटलीभोवती नीट लावत होतो. आजूबाजूला पाऊस बघायला आलेली मुंबईची मंडळी. ज्या पावसाला मावळातली माणसं पाठ देऊन काम करतात, तो ही मंडळी तिकीट काढून बघायला येतात आणि चिक्की खात त्याला छान छान म्हणतात.

त्यांतले एक रेनकोटवाले गृहस्थ माझ्या पेटीशी वाकले.

"ऑरेंज आहे की लेमन?"

"विकायचं नाही," मी म्हटलं.

"एकच बाटली राहिली म्हणून भाव वाढवता काय? अहो, द्या हो. थंड आहे ना चांगलं?"

मी पुणेरी पद्धतीने सुरुवात केली. "हे… ते नाही. तपासणीचं… ते असतं ना…" त्यांनी तोवर हात घालून बाटलीची मान पकडली होती. ते बूच उघडणार. सकाळची पायपीट, मावशींची ती पडवीतली मुद्रा, टोपलीतलं पोर, सगळं एका क्षणात माझ्या घशात आलं, आणि तिथून जे बाहेर पडलं ते लोणावळ्याच्या फलाटाने त्याआधी आणि त्यानंतर ऐकलेलं नाही.

"वडिवळ्याच्या हौसाचं मूत आहे! ठेवा खाली!"

एंजिनाने शिटी अर्ध्यावर सोडली. गृहस्थांनी बाटली अशी अलगद ठेवली, की जणू तो बॉम्बच. दोन मिनिटांत माझ्याभोवती दहा-दहा हात मोकळं रान. गाडीत चढलो तर आख्खा बाक माझा, समोरचाही माझा. पेटी शेजारी ठेवून मी पाय पसरले आणि पुण्यापर्यंत राजासारखा आलो. कुजबुजण्यात आमच्या पेठेच्या किती पिढ्यांची जागा वाया गेली आहे, याचा हिशेब वाटेत माझ्याच्याने लागला नाही.

पुणे

त्याच संध्याकाळी बाईंनी नमुना ताटलीवर ओढला. उकळीची गोष्ट मी त्यांना सांगितली तेव्हा त्या हसल्या नाहीत. त्यांनी आपलाच आधीचा कागद काढून पुन्हा वाचला, बराच वेळ.

दुसऱ्या दिवशी उबवणीच्या पेटीचं दार उघडलं आणि आम्ही सगळे वाकलो. ताटली हिरवीगार. वडिवळ्याच्या खाचरातलं रोप जसं, तस्सा हिरवा रंग आणि वर पिकल्या द्राक्षांसारखा गोड वास. इतकं देखणं संकट मी पाहिलेलं नाही.

"स्यूडोमोनास," बाई म्हणाल्या. "दवाखान्यातल्या नळीबरोबर गेलेला. क्षय नाही."

मग त्या जंतूच्या दुसऱ्या ताटलीवर औषधांत भिजवलेल्या कागदी टिकल्या ठेवल्या. जे औषध लागू पडतं त्याच्या टिकलीभोवती जंतू उगवत नाही, स्वच्छ कडं राहतं. सल्फाच्या टिकलीला जंतू अगदी खेटून बसला होता, शेकोटीला बसावं तसा. पेनिसिलिनच्या टिकलीवर तर चढायचाच बाकी होता. एका टिकलीभोवती मात्र काचेसारखं लखलखीत कडं. जेंटामायसिन, नुकतंच आलेलं इंजेक्शन. पुण्यात औषधाच्या चार दुकानांनी त्याचं नावही ऐकलं नव्हतं. पाचव्याने मुंबईहून मागवून दिलं आणि मी ते घेऊन कामशेतला गेलो, या वेळी नुसता, कोणताही मासा खिशात न येता.

डॉक्टर लेल्यांनी हौसाला दहा दिवस दवाखान्यामागच्या खोलीत ठेवलं. हे इंजेक्शन जंतूला मारतं तसं मूत्रपिंडावर आणि कानांवरही उठू शकतं, म्हणून लघवी रोज मोजायची आणि पाणी भरपूर पाजायचं. मोजणीचं काम मावशींनी कोणाला दिलं नाही. गिरणीत धान्याचं माप ओरडून सांगतात तसं माप त्या रोज सकाळी ओरडून सांगायच्या. बाजारपेठ ऐकायची. तिसऱ्या दिवसापासून म्हणे समोरचा किराणावाला दार उघडताना पहिलं हेच विचारायचा, "मावशी, आज किती?" आणि माप वाढलं की तोही खूश.

दहाव्या दिवशीची बाटली बबनने गार्डाकरवी पाठवली. बर्फात, तुसात, कच्ची. बाईंनी ताटली लावली. काही उगवलं नाही. बाईंनी तरी दुसरी लावली. तीही कोरी.

पुन्हा वडिवळे

कापणीच्या दिवसांत मी परत वडिवळ्याला गेलो. आंबेमोहर आणायला, असं घरी सांगितलं. खळ्यावर झोडणी चालली होती. बायका पेंढ्या उचलून फळीवर आपटत होत्या, दाणे उडत होते. हौसा त्यांत होती, अंगाने भरलेली, गालांवर तेज. पोर मावशींच्या काखेत. पाण्याचा एक हंडा खळ्यात ठेवलेला, आणि कडेला कुडाचा नवा आडोसा उभारला होता. तो मावशींनी गड्यांच्या मागे लागून करवून घेतला म्हणे. कसा मागे लागून, ते मी विचारलं नाही, आसपासच्या गावांना ऐकू गेलं असणार.

मी खळ्याच्या मधोमध उभा राहिलो आणि सगळ्यांना सारी गोष्ट सांगितली. मावशींची उकळी, माझी उडी (एव्हाना ती तीन कोंबड्यांवरून गेली होती), लोणावळ्याचा फलाट, द्राक्षांचा वास, काचेसारखं कडं. जंतू सांगताना तो भाताच्या पेंढीएवढा झाला, इंजेक्शन मुसळाएवढं. बायका पेंढ्या हातात धरून ऐकत होत्या. शेवटी मी हौसाकडे वळलो, आवाज खाली आणला आणि विचारलं, "मग बाई, इतकं सगळं झाल्यावर आता तुला कसं वाटतं?"

ती म्हणाली, "जळत न्हाई आता. सरका, हितं झोडायचंय."